पहिला वार आमचा नाही

१६ ऑक्टोबर १९६४ रोजी चीनने लोप नोरच्या वाळवंटात पहिला अणुस्फोट केला आणि त्याच दिवशी जाहीर केले की, कोणत्याही वेळी आणि कोणत्याही परिस्थितीत चीन अण्वस्त्रे प्रथम वापरणार नाही. असे बिनशर्त वचन तोवर कोणत्याही अण्वस्त्रधारी देशाने दिले नव्हते. त्या दिवशी भारताचे संरक्षणमंत्री होते यशवंतराव चव्हाण, आणि लोकसभेत ते निवडून गेले होते नाशिकमधून, १९६३ च्या पोटनिवडणुकीत, तेही बिनविरोध. म्हणजे चीनच्या या वचनावर विश्वास ठेवायचा की नाही, हे ठरवणाऱ्यांत नाशिकच्या खासदाराचे स्थान बरेच वरचे होते.

भारताने विश्वास ठेवला नाही. दोनच वर्षांपूर्वी चीनचे सैन्य हिमालय उतरून खाली आले होते, ती जखम ओली होती. अणुऊर्जा आयोगाचे अध्यक्ष होमी भाभा यांनी २४ ऑक्टोबरला आकाशवाणीवर भाषण केले आणि अमेरिकी आकड्यांच्या आधारे दहा किलोटनांच्या एका स्फोटाला साधारण साडेसतरा लाख रुपये लागतील, असा हिशेब मांडला. इतक्या स्वस्तात काम होण्यासारखे नव्हते, हे पुढे कळले. संसदेत वादळ उठले, जनसंघाने बॉम्बची मागणी लावून धरली, आणि आधी बॉम्बला नकार देणाऱ्या पंतप्रधान लालबहादूर शास्त्रींनी अखेर भूमिगत स्फोटाच्या अभ्यासाला संमती दिली. या सगळ्या चर्चेत चीनचे वचन कोणी फारसे हिशेबात धरल्याचे दिसत नाही.

गंमत पुढेच आहे. १९६४ मध्ये जनसंघाचे राज्यसभा सदस्य असलेले अटलबिहारी वाजपेयी १९९८ मध्ये पंतप्रधान होते. ११ आणि १३ मे रोजी पोखरणला पाच स्फोट झाले आणि काही महिन्यांच्या आत वाजपेयींनी संसदेत जवळपास तेच सांगितले, जे चीनने सांगितले होते: अण्वस्त्रे प्रथम आम्ही वापरणार नाही. ज्या शब्दावर आपण स्वतः चौतीस वर्षे विश्वास ठेवला नाही, तोच शब्द जगाने आपल्याकडून घ्यावा, अशी आपली अपेक्षा होती.

नाशिकजवळच्या घोटीच्या बाजारपेठेतून जाणारा मुंबई-आग्रा रस्ता या गोष्टीच्या दोन टोकांना जोडतो. रस्ता मुंबईहून निघतो, तिथे तुर्भ्याला भाभा अणुसंशोधन केंद्र आहे. तिथल्या सायरस आणि ध्रुव या अणुभट्ट्यांनी देशाच्या अस्त्रांसाठी प्लुटोनियम दिले. सायरस २०१० च्या अखेरीस बंद झाली, ध्रुव १९८५ पासून चालू आहे. मे १९९८ मध्ये प्लुटोनियमचे गोळे तुर्भ्याहून मुंबई विमानतळावर आणि तिथून हवाईदलाच्या एएन-३२ विमानाने जैसलमेरला गेले होते. रस्त्याने कसारा घाट चढून, घोटी आणि नाशिक मागे टाकून पुढे गेले की ओझर लागते. तिथला एचएएलचा कारखाना चव्हाणांच्याच काळात, १९६४ मध्ये, मिग विमानांसाठी उभा राहिला. आजही नाशिककर त्या वसाहतीला ‘ओझर मिग’ म्हणतात. तिथेच पुढे सुखोई-३० बांधली गेली आणि जून २०१६ मध्ये पोटाखाली ब्राह्मोस क्षेपणास्त्र लटकवून सुखोईने तिथूनच पहिल्यांदा उड्डाण केले. घोटी मधोमध आहे, भाताच्या गिरण्या आणि कळसूबाईच्या वाटसरूंसाठी ओळखले जाणारे गाव. या सगळ्याशी त्याचा संबंध तितकाच, जितका भारतातल्या कोणत्याही गावाचा.

तर प्रश्न असा, की भारताचे हे वचन पाळले जाईल का?

भारताने नेमके काय म्हटले आहे, हे आधी पाहिलेले बरे, कारण त्याबद्दल ऐकीव माहितीच जास्त चालते. मंत्रिमंडळाच्या सुरक्षाविषयक समितीने ४ जानेवारी २००३ रोजी काढलेले पत्रक एका पानात मावेल एवढे आहे. भारतीय भूमीवर किंवा जगात कुठेही भारतीय सैन्यावर अण्वस्त्र हल्ला झाला, तरच प्रत्युत्तरादाखल अण्वस्त्रे वापरली जातील. ते प्रत्युत्तर प्रचंड असेल आणि शत्रूला सोसणार नाही एवढी हानी करील. निर्णय फक्त लोकनियुक्त नेतृत्वाचा, म्हणजे पंतप्रधानांच्या अध्यक्षतेखालच्या राजकीय परिषदेचा. पण त्याच पत्रकात एक खिडकी उघडी ठेवली आहे: मोठा जैविक किंवा रासायनिक हल्ला झाल्यास अण्वस्त्रांचा पर्याय भारत राखून ठेवील. १९९८ चे वचन चीनसारखे कोरे होते, असे धरले तर २००३ मध्येच त्याला पहिला दुरुस्तीचा टाका पडला होता. त्यावर फार गदारोळ झाला नाही.

इतरांचे अनुभव काही उत्साह वाढवणारे नाहीत. सोव्हिएत संघाने जून १९८२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या निःशस्त्रीकरण अधिवेशनात ब्रेझनेव्ह यांच्या नावाने असेच वचन दिले. पुढे जर्मनी एक झाला, पूर्व जर्मन लष्कराची कपाटे उघडली आणि वॉर्सा करारातल्या सैन्यांच्या सरावांत अण्वस्त्रांचा लवकर आणि सढळ वापर गृहीत धरलेला आढळला. नोव्हेंबर १९९३ मध्ये रशियाने ते वचन उघडपणे मागे घेतले. नोव्हेंबर २०२४ मध्ये तर पुतिन यांनी नव्या धोरणावर सही केली. अण्वस्त्रधारी देशाच्या पाठिंब्याने एखाद्या बिगर-अण्वस्त्र देशाने हल्ला केला, तर तो दोघांचा संयुक्त हल्ला समजला जाईल, असे त्यात आहे. रोख अर्थातच युक्रेनकडे होता.

उत्तर कोरियाने मे २०१६ च्या पक्ष अधिवेशनात आपण प्रथम वापर करणार नाही असे सांगितले, तेही ‘आमच्या सार्वभौमत्वाला धक्का लागला नाही तर’ या अटीसह. सप्टेंबर २०२२ मध्ये त्याच देशाने कायदाच केला, ज्यात धोका दिसताच आधी वार करण्याची मुभा आहे.

पाकिस्तानने असे वचन कधीच दिले नाही, हे बहुतेकांना माहीत असते. एका माणसाने ते चार दिवसांसाठी दिले होते, हे फारसे आठवत नाही. २२ नोव्हेंबर २००८ रोजी दिल्लीतल्या एका परिषदेत राष्ट्राध्यक्ष आसिफ अली झरदारी उपग्रहाद्वारे बोलले आणि पाकिस्तान अण्वस्त्रांचा प्रथम वापर करणार नाही, असे म्हणून गेले. रावळपिंडीतल्या लष्करी मुख्यालयाला विचारून हे बोलले गेले होते, असे मानणारे कोणी नाही. २६ नोव्हेंबरच्या रात्री मुंबईत छत्रपती शिवाजी टर्मिनसवर गोळीबार सुरू झाला. झरदारींचे वाक्य पुन्हा कोणी काढले नाही.

अमेरिकेनेही वचन दिलेले नाही. ओबामांच्या शेवटच्या वर्षी, २०१६ मध्ये, तशी चर्चा झाली आणि बारगळली. बायडेन यांनी आधी अनुकूल बोलूनही २०२२ च्या आढाव्यात तो विचार बाजूला ठेवला. दोन्ही वेळा मित्रदेशांची नाराजी आडवी आली, कारण अमेरिकेच्या छत्रीखाली बसलेल्या जपानसारख्या देशांना छत्री अर्धीच उघडलेली नको होती.

हे सगळे एका ओळीत मांडले की एक नियम दिसू लागतो. ज्याचे रणगाडे आणि सैनिक जास्त, तो ‘आधी आम्ही नाही’ म्हणतो. ज्याचे कमी, तो गप्प बसतो. शीतयुद्धात युरोपात सोव्हिएत रणगाड्यांचा पूर होता, तेव्हा मॉस्कोने वचन दिले आणि नाटोने दिले नाही. १९९३ पर्यंत रशियन सैन्याची अवस्था केविलवाणी झाली, तेव्हा वचन गेले. पाकिस्तान भारतापेक्षा पारंपरिक सैन्यबळात लहान आहे, म्हणून तो वचन देत नाही. यात कोणाचा सज्जनपणा किंवा दुष्टपणा शोधण्यात अर्थ नाही. वचन हे ताकदीच्या तोलावर उभे असते आणि तोल सरकला की तेही सरकते.

मग भारताचा तोल कुठे आहे? याचे सर्वांत मोकळे उत्तर एका संरक्षणमंत्र्याने दिले आणि लगेच मागे घेतल्यासारखे केले. १० नोव्हेंबर २०१६ रोजी, नोटाबंदीच्या तिसऱ्या दिवशी, दिल्लीत एका पुस्तकाच्या प्रकाशनाला मनोहर पर्रीकर आले होते. पवईच्या आयआयटीत शिकलेला, कागदावरून न वाचता बोलणारा हा माणूस. त्यांचे म्हणणे असे होते, की मी स्वतःला बांधून का घ्यावे? मी जबाबदार अण्वस्त्रधारी आहे, बेजबाबदारपणे वापरणार नाही, एवढेच म्हटले तर पुरे. उद्या माध्यमे धोरण बदलले म्हणून बातम्या चालवतील, पण धोरण बदललेले नाही, हा माझा विचार आहे, हेही त्यांनी तिथल्या तिथे सांगून टाकले. बातम्या चालल्याच. मंत्रालयाने हे वैयक्तिक मत असल्याचा खुलासा केला. पण ज्या देशाचा संरक्षणमंत्री हे बोलतो, त्या देशाच्या शेजाऱ्यांनी ‘वैयक्तिक’ या शब्दावर किती भर द्यायचा?

तीन वर्षांनी, १६ ऑगस्ट २०१९ रोजी, वाजपेयींच्या पहिल्या स्मृतिदिनी संरक्षणमंत्री राजनाथसिंह पोखरणला गेले. आजवर आपले धोरण प्रथम वापर न करण्याचे आहे, पुढे काय होईल ते परिस्थितीवर अवलंबून, असे ते म्हणाले. या वेळी खुलासाही आला नाही. अशी वाक्ये शत्रूला संभ्रमात ठेवण्यासाठी असतात, असे समर्थन केले जाते. ते खरेही असेल. पण संभ्रम आणि वचन एका म्यानात राहत नाहीत.

तरीही मंत्र्यांच्या वाक्यांवरून या प्रश्नाचे उत्तर काढणे म्हणजे चुकीच्या ठिकाणी पाहणे आहे. शस्त्रे ठेवली कशी आहेत, यावरून वचनाची परीक्षा होते. कोयत्याचे पाते एका घरात आणि मूठ दुसऱ्या घरात असेल, तर रागाच्या भरात वार होत नाही. भारताची व्यवस्था बराच काळ अशीच होती: स्फोटाचा गाभा अणुऊर्जा खात्याच्या ताब्यात, बाकीची जोडणी डीआरडीओकडे आणि क्षेपणास्त्र सैन्याकडे. तिघे एकत्र आल्याशिवाय अस्त्र तयार होत नाही आणि त्याला वेळ लागतो. हा वेळ, हा मुद्दाम ठेवलेला संथपणा, कोणत्याही पत्रकापेक्षा भक्कम हमी होती.

आता तो संथपणा कमी होत चालला आहे. अग्नी-५ आणि अग्नी-प्राइम ही क्षेपणास्त्रे बंद नळकांड्यात ठेवलेली असतात, डागण्यास जवळपास सज्ज. मार्च २०२४ मध्ये अग्नी-५ ची एकाहून अधिक अस्त्रे वाहून नेणारी चाचणी झाली. सप्टेंबर २०२५ मध्ये अग्नी-प्राइम रेल्वेवरच्या प्रक्षेपकातून डागले गेले. आणि समुद्राखाली तर पाते-मूठ वेगळी ठेवणे शक्यच नाही: अरिहंतने २०१८ मध्ये पहिली गस्त पूर्ण केल्याचे सरकारने जाहीर केले, अरिघात ऑगस्ट २०२४ मध्ये नौदलात दाखल झाली. खोल पाण्यातल्या पाणबुडीवर अस्त्र जोडूनच न्यावे लागते.

इथे तंत्रज्ञान दोन्ही बाजूंनी बोलते, हे लक्षात घ्यायला हवे. पाणबुडी वचनाला बळ देते. पहिला घाव बसला तरी समुद्रातून उत्तर देता येईल, अशी खात्री असली की आधी घाव घालण्याची घाई उरत नाही. अचूक आणि झटपट डागता येणारे क्षेपणास्त्र मात्र मोह निर्माण करते, की शत्रूची अस्त्रे निघायच्या आत जागच्या जागी उडवून द्यावीत. राष्ट्रीय सुरक्षा सल्लागार राहिलेल्या शिवशंकर मेनन यांनी २०१६ च्या पुस्तकात लिहिले, की शत्रू अस्त्र डागण्याच्या बेतात आहे अशी खात्री झाली, तर भारत काय करील, हा भाग धूसर आहे. पुढच्या वर्षी अमेरिकेतल्या विपिन नारंग या अभ्यासकाने हेच धरून भारत वचनापासून सरकतो आहे, असा युक्तिवाद केला आणि भारत-पाकिस्तान दोन्हीकडे खळबळ उडाली.

नारंग यांच्या युक्तिवादात दम आहे, पण हिशेब त्यांच्या बाजूने नाही. स्टॉकहोमच्या सिप्री संस्थेच्या २०२५ च्या अंदाजानुसार भारताकडे सुमारे १८०, पाकिस्तानकडे १७० आणि चीनकडे ६०० अस्त्रे आहेत. ती फिरत्या गाड्यांवर, डोंगरातल्या बोगद्यांत, विमानतळांवर विखुरलेली. पहिल्याच वारात पाकिस्तानची १६० अस्त्रे टिपली, असे अशक्यप्राय यश धरले, तरी उरलेल्या दहांतली दोन मुंबई-पुण्यावर पडली तर विजय कशाला म्हणायचे? चीनच्या बाबतीत तर हा विचारही हास्यास्पद आहे. म्हणून भारत हे वचन पाळेल असे मानायला जागा आहे, आणि त्याचे कारण नैतिकतेपेक्षा अंकगणितात जास्त आहे.

दुसरे कारण किमतीचे. सप्टेंबर २००८ मध्ये अणुपुरवठादार देशांच्या गटाने भारताला सूट द्यावी की नाही, यावर व्हिएन्नात खल चालला होता. आदल्या दिवशी, ५ सप्टेंबरला, परराष्ट्रमंत्री प्रणव मुखर्जींनी निवेदन काढून चाचणीबंदीबरोबर प्रथम वापर न करण्याचे वचनही पुन्हा उच्चारले. ६ सप्टेंबरला सूट मिळाली. त्या सवलतीमुळे भारताला बाहेरून युरेनियम मिळू लागले. एवढी प्राप्ती करून दिलेला शब्द कोणतेही सरकार सहज मोडणार नाही.

खरी शंका वचनाच्या पहिल्या अर्ध्याबद्दल नाही, दुसऱ्या अर्ध्याबद्दल आहे. पाकिस्तानने एप्रिल २०११ मध्ये नस्र या छोट्या क्षेपणास्त्राची चाचणी घेतली. तेव्हाचा पल्ला ६० किलोमीटर, म्हणजे साधारण घोटी ते ओझर. ते शहरांसाठी नाही. पाकिस्तानात शिरलेल्या भारतीय रणगाड्यांच्या तुकडीवर छोटा अणुबॉम्ब टाकण्यासाठी आहे. २००३ च्या पत्रकानुसार ‘कुठेही’ भारतीय सैन्यावर झालेला अण्वस्त्र हल्ला म्हणजे हल्लाच, आणि त्याला उत्तर ‘प्रचंड’. पाकिस्तानच्याच भूमीवर, वाळवंटात, शंभर रणगाडे गेले म्हणून भारत लाहोर आणि कराची बेचिराख करील का? लाहोर गेले की दिल्ली जाणार, हे ठाऊक असताना? रावळपिंडीचा डाव याच संशयावर आहे. मारणार नाही, पण मारले तर सोडणार नाही, यातले दुसरे वाक्य डळमळले की पहिले वाक्य वचन न राहता हतबलता वाटू लागते. पर्रीकरांची अस्वस्थता बहुधा इथून आली होती.

अलिबागजवळ भायमळ्याला राहणारे माजी नौदलप्रमुख ॲडमिरल एल. रामदास या सगळ्या तर्कशास्त्रालाच विरोध करीत. वीरचक्रासाठी मिळालेल्या जमिनीवर शेती करणारा हा योद्धा अण्वस्त्रेच नकोत म्हणून भारत-पाकिस्तानातल्या लोकांना एकत्र आणण्यासाठी झटला. २०२४ मध्ये ते गेले. त्यांचे ऐकणारे सरकार दिल्लीत कोणत्याच पक्षाचे आले नाही.

आणि ज्याची कोणत्याही पत्रकात तरतूद नाही, ते असे. ९ मार्च २०२२ च्या संध्याकाळी एक भारतीय ब्राह्मोस चुकून सुटले, सीमा ओलांडून शंभरावर किलोमीटर आत गेले आणि पाकिस्तानातल्या मियाँ चन्नूजवळ पडले. कोणी दगावले नाही. दोन दिवसांनी भारताने तांत्रिक बिघाड झाल्याचे मान्य केले. पुढे तीन अधिकाऱ्यांना बडतर्फ केले. येणाऱ्या क्षेपणास्त्रात काय भरले आहे, हे रडारला दिसत नाही. त्या काही मिनिटांत पाकिस्तानी अधिकाऱ्यापुढे भारताचे १९९८ चे वचन होते आणि पडद्यावर सरकणारा ठिपका होता.

मे २०२५ मध्ये, ‘ऑपरेशन सिंदूर’च्या वेळी, वचन आणि अणुयुद्ध यांतले अंतर आणखी घटले. ७ मे रोजी देशभर नागरी संरक्षणाच्या रंगीत तालमी झाल्या. महाराष्ट्राच्या यादीत मुंबई, तारापूर, नाशिक यांच्याबरोबर सिन्नर आणि मनमाडचीही नावे होती. १० मेच्या पहाटे रावळपिंडीच्या नूरखान तळावर भारतीय क्षेपणास्त्रे आदळली. त्या सकाळी पाकिस्तानी लष्कराने अण्वस्त्रांचा निर्णय घेणाऱ्या समितीची बैठक बोलावल्याचे जाहीर केले, आणि काही तासांत त्यांच्या संरक्षणमंत्र्यांनी अशी बैठकच नाही म्हणून सांगितले. दोन दिवसांनी नरेंद्र मोदींनी अण्वस्त्रांचा धाक दाखवून चाललेले ब्लॅकमेल सहन करणार नाही, असे बजावले. २००३ च्या पत्रकातला एकही शब्द मात्र बदललेला नाही.

या दोन देशांमध्ये न मोडलेले अण्वस्त्रविषयक वचन शोधायचेच असेल, तर ते कमी गाजलेले आहे. ३१ डिसेंबर १९८८ रोजी एकमेकांच्या अणुकेंद्रांवर हल्ला न करण्याचा करार झाला. त्यानुसार १९९२ पासून दर १ जानेवारीला दिल्ली आणि इस्लामाबादेत एकाच वेळी अणुकेंद्रांच्या याद्यांची अदलाबदल होते. कारगिल झाले, संसदेवर हल्ला झाला, मुंबई झाली, बालाकोट झाले, सिंदूर झाले, यादी गेलीच. १ जानेवारी २०२६ ची अदलाबदल पस्तिसावी होती. २००५ च्या दुसऱ्या एका करारानुसार बॅलिस्टिक क्षेपणास्त्राच्या चाचणीची आगाऊ सूचना परस्परांना दिली जाते. ब्राह्मोससारखी क्रूझ क्षेपणास्त्रे त्या करारात घेतलेली नाहीत.